लाल उजेडात काही उमटत नाही

सिनेमा बघायचा कुठे, यावरूनच आधी आठवडाभर वाजलं. धाकट्याचं म्हणणं, माझ्याकडे भिंतभर टीव्ही आहे, सगळ्यांनी माझ्या घरी या. वहिनींचं म्हणणं, सिनेमा माझ्या नवऱ्यावरचा, तो बघायला मी दिराच्या दारात का जाऊ. आत्या नेहमीप्रमाणे दोघांनाही "बरोबर आहे तुमचं" म्हणत राहिली आणि दोघांचीही बोलणी खाऊन मोकळी झाली. शेवटी शेपटीनंच तोड काढली. खालच्या स्टुडिओतच बघू म्हणाली, मोठे काका जिथे वाढले तिथेच.

शेपटी म्हणजे धाकट्याची मुलगी. लहानपणी सगळ्यांच्या मागे मागे असायची म्हणून शेपटी. तिशी ओलांडली, हातात कॅमेरा आला, लोक तिला मॅडम म्हणायला लागले, पण घरात ती शेपटी ती शेपटीच. आत्याला आत्या म्हणण्याचा हक्क खरं तर तिचा एकटीचा, पण तिचं ऐकून ऐकून सगळी गल्लीच तिला आत्या म्हणायला लागली होती.

आत्याचे आणि धाकट्याचे वडील, अण्णा, गेले आणि स्टुडिओ बंद पडला, त्याला जमाना झाला. तरी वर राहणाऱ्या दोघी म्हाताऱ्यांनी, म्हणजे वहिनी आणि आत्या या नणंद-भावजयींनी, तो कधी भाड्याने दिला नाही. दोघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य आहे असं बाहेरच्यांना वाटे, कारण दिवसभर एकमेकींवर डाफरण्याचा आवाज जिन्यावरून खाली येई. पण एकीला सर्दी झाली की दुसरी रात्रभर जागी असायची, हे जिन्याला माहीत नव्हतं. आत्यानं लग्न केलं नाही. वहिनींचं झालं आणि दीड वर्षात युद्धानं संपवलं. तेव्हापासून दोघींना एकमेकींशिवाय कुणी नव्हतं.

शेपटीनं दुपारीच येऊन स्टुडिओ झाडून घेतला होता. गिऱ्हाइकांच्या पाठीमागे लावायचा तळ्याचा आणि कठड्याचा रंगवलेला पडदा तिनं उलटा फिरवला. मागची बाजू पांढरी. त्यावर सिनेमा दिसणार होता. कोपऱ्यात काळोखीचं दार. डार्करूमला या घरात काळोखी म्हणत. दाराच्या वर वाटीएवढा लाल दिवा होता. तो कितीतरी वर्षं मेलेला, पण शेपटीनं शूटिंगसाठी वायरमन बोलावून आतला आणि बाहेरचा असे दोन्ही लाल दिवे जिवंत करून घेतले होते.

बाहेरचा दिवा लागलेला असला की दार उघडायचं नाही. आग लागली तरी आधी हाक मारायची. अण्णांच्या घरात बाकी सगळ्या शिस्तींना पोरांनी फाटे फोडले, या एका शिस्तीला नाही. धाकट्यानं चार वर्षांचा असताना एकदा दार उघडलं होतं. आतले सगळे कागद काळे पडले आणि धाकटा लाल झाला.

"जाऊबाई, तुम्ही मधल्या खुर्चीत बसा," धाकट्याची बायको, धाकटी, थर्मास उघडत म्हणाली. "आज तुमचाच मान."

"मान कसला? माझ्या मानेची काय दशा झालीय ती बघायचीय सगळ्यांना," वहिनी म्हणाल्या, पण बसल्या. गिऱ्हाइकांना बसवायची मखमली खुर्ची होती ती. धाकटा बाजूला बसला, हातात निमंत्रणपत्रिकांचा नमुना घेऊन. पुढच्या महिन्यात नगरपालिकेच्या सभागृहात सिनेमाचा पहिला खेळ त्यानं ठरवून टाकला होता. नगराध्यक्ष येणार होते. धाकट्यानं जन्मभर शाळेत इतिहास शिकवला होता आणि दर वर्षी एक तास, अभ्यासक्रमात असो नसो, थोरल्या भावावर घेतला होता.

"सिनेमा चालू कर गं बाई," आत्या काळोखीच्या दाराजवळच्या स्टुलावर टेकत म्हणाली.

"सिनेमा नाही आत्या, माहितीपट. आणि अजून कच्चा आहे, आवाज खालीवर होतील. आधी घरच्यांनी बघावा म्हणून आणलाय."

"माहिती कुणाला द्यायची त्यातून?" धाकटी म्हणाली. "आपल्या घरात सगळ्यांना सगळं ठाऊक आहे."

शेपटीनं आत्याकडे बघितलं. आत्याला ती नजर तेव्हा कळली नाही. तिला वाटलं, पोरगी घाबरलीय, पहिलंच मोठं काम आहे. तिनं डोळ्यांनीच तिला धीर दिला. नंतर हा धीर आठवला की तिला स्वतःची लाज वाटायची.

पडद्यावर गल्ली आली, स्टुडिओची उडालेल्या रंगाची पाटी आली, अण्णांचा तीन पायांचा कॅमेरा आला. मग युद्ध. शेपटीनं कुठून कुठून जुनी दृश्यं मिळवली होती. लष्करी गाड्यांतून पोरं चाललीत, बायका रुमाल हलवतायत, कशालाच आवाज नाही. मग भिंतीवरचा थोरल्याचा फोटो आला. गणवेशातला, गाल जरा गुलाबी. ते गाल आत्यानं रंगवले होते. तो गेल्याचं कळल्यावर अण्णांनी फोटो मोठा करून तिच्यापुढे ठेवला आणि म्हणाले, चेहऱ्यावर थोडी तकाकी आण. तिनं आणली.

मग पडद्यावर वहिनी. अंघोळ करताना नवरा कसा बेसूर गायचा ते सांगत होत्या. सगळे हसले.

"कोंबडीची मान," वहिनी पुटपुटल्या. "सांगितलं होतं, पदर वर घेऊन काढ म्हणून."

मग धाकटा आला आणि बराच वेळ गेला नाही. देश, कर्तव्य, बलिदान. "वर्गात असंच व्हायचं," धाकटी आत्याच्या कानाशी म्हणाली. "मागच्या बाकावरची पोरं घोरायची."

त्यानंतर एक म्हातारा दिसला. गळ्यात मोजमापाची फीत, मागे शिलाई मशीन. थोरल्याच्या तुकडीतला. लढाई संपल्यावर शिंपी झालेला.

"आता या वयात कशाला खोटं बोलू?" तो म्हणत होता. "तो लढाईत कामी आला नाही. एके सकाळी उठून बघतो तर त्याचं पांघरूण घडी घालून ठेवलेलं, आणि तो नाही. साहेबांनी बेपत्ता म्हणून लिहिलं. मग त्याच जागी बॉम्ब पडले आणि सगळ्यांचाच काला झाला. मेलेल्यांत त्याचंही नाव गेलं. आम्ही गप्प बसलो. म्हटलं, घरच्यांना मान मिळतोय तर मिळू दे."

"भ्रम झालाय म्हाताऱ्याला," धाकटा ताडकन म्हणाला. "काढून टाक हे. सभागृहात हे चालणार नाही."

"बाबा, पुढे बघा ना."

"पांघरुणाची घडी तर ते घालायचेच," वहिनी हळूच म्हणाल्या. "घाईत असले तरी."

आत्यानं मनाशी उत्तर जुळवलं होतं. म्हातारी माणसं एकाचं दुसऱ्याला जोडतात, पांघरूण कुणाचंही असेल, असं काहीतरी ती म्हणणार होती. तोंड उघडणार तेवढ्यात समोरचा पडदा लाल झाला.

त्या लाल उजेडात एक म्हातारी बाई ट्रेवर वाकली होती. पाण्यात कागद हलवत होती. कोण ही, असं आत्याला क्षणभर वाटलं, आणि मग तिनं आपले हात ओळखले.

फोटो कसा धुतात ते दाखव, असं शेपटी म्हणाली होती. आत्यानं हौसेनं दाखवलं होतं. दार लावलं, पांढरा दिवा घालवला, लाल लावला. शेपटीचा कॅमेरा तिकाटण्यावर होता, पण दिवा बदलला तसा आत्याच्या मनातून तो गेलाच. हसण्यासारखीच गोष्ट होती. लाल उजेडात फोटोचा कागद आंधळा असतो, त्याच्यावर काही उमटत नाही, हे तिला वाचता यायच्या आधीपासून माहीत होतं. जन्मभर ती त्या उजेडात रडली होती, अण्णांना शिव्या घातल्या होत्या, एकटीच बडबडली होती, आणि त्यातलं काही कधी कुठे उमटलं नव्हतं. हल्लीचे कॅमेरे अंधारातही बघतात असं कुणी सांगितलं असतं तर ती "माहितीये गं" असंच म्हणाली असती. डोक्याला ते माहीत होतं. अंगाला नव्हतं.

"इथेच बसला होता दादा," पडद्यावरची आत्या ट्रे हलवत म्हणत होती. "या स्टुलावर. गाल आत गेलेले, दाढी वाढलेली. मागच्या दारानं आला सकाळी. अण्णांनी त्याला आत ढकललं आणि बाहेरचा दिवा लावला. दिवा लागला की कुणी येत नाही ना आपल्याकडे. तो आठवडा मी काळोखीतच काम करत होते, असं सगळ्यांना वाटलं. लष्कराची माणसं दोनदा दुकानात येऊन गेली. अण्णांनी त्यांचे फोटो काढले."

शेपटीचा आवाज आला. "घरात कुणालाच माहीत नव्हतं?"

"आई तर आधीच गेली होती. मला आणि अण्णांनाच ठाऊक. धाकटा लहान. आणि वहिनींचा चेहरा असा, की मनात आलं ते बाहेर दिसलंच. अण्णा म्हणाले, तिला कळलं तर गल्लीला कळलं. वहिनी रोज दुपारी डबा आणायच्या. 'वन्सं, डबा,' म्हणायच्या आणि उंबऱ्याशी ठेवून जायच्या. दादा आतून ऐकायचा."

"मोठ्या काकूला भेटायचं म्हणाले नाहीत ते?"

पडद्यावरच्या आत्यानं चिमट्यानं कागद वर उचलला. पाणी निथळू दिलं. "बघ," ती म्हणाली. "आला फोटो."

धाकट्यानं उठून सिनेमाच्या मशीनवर हात मारला. काय दाबलं कुणास ठाऊक, चित्र तसंच थांबलं. लाल बाई, हातात कागद.

"हे काय आहे, ताई?" तो म्हणाला. "काय आहे हे?"

आत्या स्टुलावरून उठली आणि पुन्हा बसली.

"आत्या, मी तुला विचारलं होतं," शेपटी रडकुंडीला आली होती. "फोनवर. काळोखीतला भाग सगळा ठेवू ना म्हणून. तू म्हणालीस, ठेव की, छान झालाय."

"मला वाटलं, फोटो धुवायचा भाग."

"मग ते बोललीस ते?"

"ते मी तुला सांगितलं. तुला. लाल दिव्यात मला वाटलं..." तिनं वाक्य सोडून दिलं.

"मी वर्गात उभा राहून सांगायचो," धाकटा म्हणाला. "दर वर्षी. पोरं उभी राहायची माझ्या भावासाठी. आणि तू समोर बसून ऐकायचीस. शाळेच्या समारंभाला तूच पहिल्या रांगेत. एकदा तरी म्हणायचंस, गप्प बस म्हणून."

"झाकली मूठ, रे. अण्णांनी शपथ घातली होती."

"अण्णा जाऊन तीस वर्षं झाली. अजून कुणाची शपथ? पुढच्या महिन्यात नगराध्यक्षांना बोलावलंय मी. त्यांना काय सांगू, पळपुट्याचा सिनेमा बघायला या?"

"अहो, तुमच्या नगराध्यक्षांचं राहू द्या," धाकटी म्हणाली. लग्न होऊन आल्यापासून तिचं आणि वहिनींचं कधी धड जमलं नव्हतं, पण ती उठून वहिनींच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. "नवरा कुणाचा होता? आधी जाऊबाईंना बोलू द्या."

वहिनी थांबलेल्या चित्राकडे बघत होत्या. आत्याला वाटलं, ओरडल्या तर बरं. इतकी वर्षं मिठावरून, खिडकीवरून, विजेच्या दिव्यावरून ओरडल्या, तशा ओरडल्या तर सगळं निभेल.

धाकटा खाली बसला. मग एकदम, वेगळ्याच आवाजात म्हणाला, "मी दारावर थापा मारल्या होत्या एकदा. माझा भोवरा कुणीतरी फोडला म्हणून. तू आतून म्हणालीस, दिवा दिसत नाही का? तेव्हा तो आत होता?"

"होता. तोंडावर हात दाबून हसत होता. म्हणाला, अजून रडतो का हा असा? नवा भोवरा घेऊन द्या म्हणाला त्याला."

"दिलास तू. हिरवा," धाकटा म्हणाला आणि त्यानं चष्मा काढला. सत्तरीला टेकलेला इतिहासाचा मास्तर भोवऱ्यासाठी रडायला लागला. धाकटीनं त्याच्याकडे बघितलं, पण वहिनींच्या खुर्चीवरचा हात काढला नाही.

"डबा रिकामा यायचा," वहिनी म्हणाल्या. "एरवी वन्सं पाखरासारख्या खायच्या. निम्मं परत यायचं. त्या आठवड्यात धुतल्यासारखा डबा. मी विचारलं, एवढी भूक कशी लागते? तुम्ही म्हणालात, उभं राहून काम असतं. म्हणून मी बटाटे जास्त उकडायला लागले. अंडंही घालायचे, मिळालं तर. लढाईच्या दिवसांत अंडं कुठे मिळत होतं? माझं मी तुम्हाला द्यायचे."

"त्यालाच मिळालं ते, वहिनी. सगळं. मी हातसुद्धा लावला नाही."

"ते बरं झालं," वहिनी म्हणाल्या. मग त्या आत्याकडे वळल्या. "पोरीनं विचारलं त्याचं उत्तर तुम्ही दिलं नाहीत, वन्सं. फोटो आला म्हणालात. आता मी विचारते. त्यांनी मला भेटायचं म्हटलं की नाही?"

नाही म्हणावं, असं आत्याच्या मनात आलं. एक शब्द. त्यानं वहिनी दादावर चिडल्या असत्या, मेलेल्या माणसावर चिडून माणूस जगू शकतो, आणि वरच्या मजल्यावर उद्या सकाळी पुन्हा मिठावरून भांडण सुरू झालं असतं. हो म्हटलं तर काय होईल ते तिला दिसत होतं. तिला या वयात दुसरं माणूस कुठून मिळणार होतं? पण वहिनी तिच्याकडे बघत होत्या, आणि त्यांचा चेहरा अजून तसाच होता, मनातलं सगळं बाहेर दाखवणारा.

"रोज म्हणायचा," आत्या म्हणाली. "तुमची चप्पल जिन्यावर वाजली की उठून उभा राहायचा. दाराला कान लावायचा. मी आणि अण्णा त्याला अडवायचो. जरा निवळू दे, म्हणायचो. शेवटच्या दिवशी अण्णा बाहेर गेले होते. तुम्ही आलात. 'वन्सं, डबा,' म्हणालात. आणि का कोण जाणे, लगेच गेला नाहीत. दारापाशी उभ्या राहिलात."

"मला नाही आठवत," वहिनी म्हणाल्या.

ते आत्याला फार लागलं. ज्या क्षणापाशी ती जन्मभर परत परत जात होती, तो वहिनींकडे नव्हताच.

"राहिलात उभ्या. त्यालाही कळलं ते. त्यानं कडीला हात घातला. म्हणाला, आता बास, मी उघडतो. आणि मी..." आत्यानं आपल्या हातांकडे बघितलं. "टेबलावर कागद होते, वहिनी. धुवायचे राहिलेले, उघडे. दार उघडलं असतं तर सगळे काळे पडले असते. मी म्हटलं, अरे थांब, कागद उघडे आहेत."

"मग?"

"मग त्यानं हात काढला."

बाहेर रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"मला तेव्हा लष्कर आठवलं नाही, अण्णा आठवले नाहीत," आत्या म्हणाली. "काही विचार करून अडवलं असतं तर आज सांगताही आलं असतं. पण नुसतं तोंडातून गेलं. रोज जातं तसं. आणि तोही फोटोवाल्याचा पोरगा. साहेबांचा हुकूम मोडून, पांघरुणाची घडी घालून लढाईतून निघून आला, आणि कागद उघडे आहेत म्हटल्यावर थांबला. 'बरं, उद्या,' म्हणाला. दुपारनंतर अण्णा आले ते गाडीची सोय करूनच. रात्री संचारबंदी, म्हणून उजेड होता तोवरच त्याला जावं लागलं. अण्णांचा कोट घालून गेला. सरहद्दीपलीकडे पोचला की वाटेत कुठे पडला, ते आजवर कळलं नाही. मग तो सरकारचा कागद आला, आणि अण्णा म्हणाले, आता हेच खरं धरायचं."

"उद्या म्हणाले," वहिनी म्हणाल्या.

त्या उठल्या. धाकटीनं हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. गुडघ्यांवर हात ठेवत, सावकाश, आत्याच्या शेजारून त्या गेल्या, काळोखीचं दार उघडून आत शिरल्या आणि दार लावून घेतलं. कडी वाजली. मग आत चाचपडल्याचा आवाज झाला आणि दाराच्या वरचा लाल दिवा लागला.

"वहिनी," धाकटा धावत दारापाशी गेला. त्याचा हात दाराच्या दिशेनं अर्धा गेला आणि थांबला. त्यानं वर दिव्याकडे बघितलं. आत ट्रे कोरडे होते, एकही कागद नव्हता, दार असं जुनं की खांद्यानं ढकललं असतं तर निघालं असतं. तरी तो तसाच उभा राहिला. मग हात खिशात घालून मागे सरला. जित्याची खोड म्हणतात ती अशी.

"मी काढून टाकते तो भाग," शेपटी डोळे पुसत म्हणाली. "नाहीच दाखवत कुठे. आत्या, शप्पथ. मला वाटलं होतं, तुला सांगायचंच होतं सगळ्यांना. म्हणून तर आधी घरी आणला."

"आता काढून काय उपयोग?" आत्या म्हणाली. "एकदा उमटलेलं परत कागदात जातं का?" ती तिच्यावर रागावली नव्हती. राग यायला जागा लागते आणि तिच्यात तेवढी जागा उरली नव्हती.

"सभागृहाचं मी..." धाकट्यानं पत्रिकेची घडी घातली, पुन्हा उलगडली. "ते वहिनी ठरवतील. त्या म्हणतील तसं."

कुणी घरी गेलं नाही. दिवस कलला. खिडकीच्या काचेतून येणारा उजेड कमी होत गेला तसा तो वाटीएवढा दिवा मोठा दिसायला लागला. धाकटीनं एकदा दाराला कान लावला. "बसल्यात," ती कुजबुजली. "रडत नाहीयेत. नुसत्या बसल्यात." मग ती नवऱ्याशेजारी जाऊन बसली आणि इतक्या वेळात पहिल्यांदा तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

आत्या वर गेली. स्वयंपाकघरात उभी राहिली तेव्हा आधी तिला काय करायचं ते सुचेना. मग तिनं बटाटे उकडायला लावले. दोन अंडी घातली. साल काढताना बोटं भाजत होती, तिनं फुंकर घातली नाही. मीठ घालताना ती थांबली. वहिनींना नेहमी कमी वाटायचं. तिनं चिमूटभर जास्त घातलं. फडताळाच्या वरच्या फळीवर तो जुना डबा होता, झाकण जरा चेपलेलं. तो ती दोन-तीनदा फेकायला निघाली होती आणि दर वेळी वहिनींनीच भांडून ठेवून घेतला होता, चांगला डबा आहे म्हणून.

जिना उतरताना तिच्या चपला वाजल्या. खाली तिघांनीही वर बघितलं. तिनं डबा काळोखीच्या उंबऱ्याशी ठेवला आणि उभी राहिली.

"वहिनी," ती म्हणाली. "डबा."

डबा ठेवला की जायचं असतं, पण ती गेली नाही. दाराला हात टेकून तशीच राहिली. दिव्याच्या उजेडात तिचा हात लाल दिसत होता. पलीकडे स्टूल सरकल्याचा आवाज झाला. कुणीतरी दाराच्या अगदी जवळ आलं.

"वन्सं."

"हं. आहे मी."

"कुणाचे होते ते कागद?"

"एका लग्नाचे होते. कुणाचं ते नाही आठवत. नवरी फार हसत होती एवढं आठवतं."

धाकट्यानं श्वास सोडला तो ऐकू आला.

"चांगले आले का?" वहिनींनी विचारलं.

काळे पडले, असं सांगावं असं तिला फार वाटलं. तिनं कपाळ दाराला टेकलं.

"चांगले आले, वहिनी," ती म्हणाली. "एकही खराब झाला नाही."